भांगाच्या दिवशी पाहिलेलं घर

डहाणूला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिणाऱ्यांच्या तीन खोल्या आहेत. त्यातल्या मधल्या खोलीत, पंख्याखालच्या खुर्चीवर मी बसते. लोकांच्या घरांचे, वाड्यांचे, प्लॉटचे दस्त टाइप करता करता मला चौदा वर्षं झाली, आणि माझ्या हातून गेलेल्या एकाही दस्तावरून कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. ही गोष्ट मी पाहुण्यांना पहिला चहा संपायच्या आत सांगते. तेव्हा माझ्या सख्ख्या बापाने घर घ्यायचं ठरवल्यावर त्याला फसवायची कुणाची टाप होती? कुणी फसवलंही नाही. आम्हीच सगळे कागद तपासून, स्टॅम्प ड्युटी भरून आणि वर पेढे वाटून फसलो.

बाबाचं नाव सदू. आम्हा मांगेल्या मच्छीमारांत बापाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून इथेही करत नाही. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचा मालक आणि बोटीवरचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. २०१७ साली तो सदुसष्ट वर्षांचा झाला, बोटीवर चढताना दोनदा घसरला आणि जाहीर करून मोकळा झाला की बोट विकायची आणि घर घ्यायचं. घर कसं हवं, तर उधाणाच्या दिवसांत जिथे समुद्र ऐकू येत नाही असं. बाकी छप्पर गळो, भिंत पडो, त्याची काही अट नव्हती.

कारण सांगायला हवं. त्याच्या सात वर्षं आधी कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणात माझा धाकटा भाऊ बाळ्या जाळं ओढताना बोटीवरून पडला. चौथ्या दिवशी सापडला. बाबा त्याच बोटीवर होता. पुढच्याच महिन्यात बाबा परत समुद्रावर गेला, तेव्हा सगळ्या गावाने त्याच्या छातीचं कौतुक केलं. छातीचं मला ठाऊक नाही, झोपेचं ठाऊक आहे. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर अमावस्या-पौर्णिमेला भरतीचं पाणी येऊन आपटतं. त्या चार-पाच दिवसांत बोटीवरून घरी आला तरी बाबाला झोप म्हणून येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्याने मागच्या खिडकीतून पाण्यात फेकल्या. बोंबलांना तरी शांत झोप लागली असेल. महिन्यातून दोनदा, सात वर्षं हे चाललं होतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी चिडते.

तर घर शोधायला लागलो. बाबा म्हणाला समुद्रापासून दूर, नदीच्या अंगाला, झरीकडे बघू. त्या खोऱ्यात घर विकत मिळणं म्हणजे उंबराचं फूल दिसणं. तलासरी तालुक्यातली बहुतेक जमीन आदिवासींची, ती इतरांना विकता येत नाही. हे चांगलंच आहे, नाहीतर एव्हाना नदीकाठी ‘रिव्हर व्ह्यू’ नावाच्या अकरा इमारती आणि त्यांचे अकरा पडके स्विमिंग पूल उभे राहिले असते. पण झरीच्या पुढे एका पाड्यावर धर्मेशभाई नावाच्या माणसाचं जुनं घर निघालं. त्याच्या आजोबांचं तिथे धान्य-तेलाचं दुकान होतं, जागा गावठाणातली, कागद स्वच्छ. धर्मेशभाई स्वतः वापीला राहायला गेले होते. मंगलोरी कौलं, पुढे लांबरुंद ओटी, मोठं अंगण, सहा चिकूची झाडं आणि मागे नदीवर उतरणारी वाट. असं घर बघून माझ्यातली दस्तलेखिका खडबडून जागी झाली. एवढं सगळं आणि गिऱ्हाईक नाही, म्हणजे कागदात खोट असणार.

मी कागद पिंजून काढले. नमुना आठ पाहिला, तीस वर्षांचा सर्च काढला, वारसांच्या सह्या मोजल्या, पायवाटेचा हक्क, विहिरीचा हक्क, बँकेचा बोजा, सगळं पाहिलं. खोट नव्हती. मला जरा निराशाच वाटली.

कागद मी बघत होते आणि घर बाबा बघत होता. आता बाबाची घर बघायची पद्धत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा डोल जाळी लावायला आमच्या बोटी बाहेर पडतात. मधल्या अष्टमी-नवमीच्या दिवसांत पाणी मंदावतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगाला बोट खाडीत आणि माणूस घरात. लग्नाची बोलणी, दाढदुखी, तहसीलदार, भांडणं, आमची सगळी जमिनीवरची कामं भांगाला होतात. मी स्वतः भांगाला जन्मलेय, असं आई अभिमानाने सांगते, जशी काही मी बाबाची सोय बघून आले. त्यामुळे बाबा ते घर पाच महिन्यांत चार वेळा बघायला गेला आणि चारही वेळा अष्टमी, नवमी नाहीतर दशमी होती. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आम्हाला वाटायचं कारणच नव्हतं.

पहिल्या खेपेला बाबा घरात शिरलाच नाही. तो सरळ मागच्या वाटेने नदीवर उतरला, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात खुळखुळवलं आणि थुंकला.

“गोडं हाय,” तो म्हणाला. “भरती इथवर पोचत नाय.”

धर्मेशभाई घराच्या किल्ल्या घेऊन ओटीवर उभे होते. गिऱ्हाईक घर सोडून नदीची चव घेतंय हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. बाबा वर आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. “शेठ, पुनवेला इथे पाण्याचा आवाज येतो?”

धर्मेशभाईंनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. “पाण्याचा?” ते म्हणाले. “पाण्याचा नाय येत, काका.”

“मग झालं.”

“पण काका, हूं खोटं नाय बोलत. घ्यायच्या आधी एकदा पूनमला येऊन बघा. नायतर अमासला.”

बाबा माझ्याकडे बघून हसला. परतीच्या बसमध्ये तो वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, “चांदणं बघायला बोलावतो मला! चाळीस वर्षं चांदण्यात भिजलोय. आणि अमासला काय बघायचं, काळोख?” अख्खी बस हसली. मीही हसले. व्यापारी माणूस, माल खपवायला नदीवरचं चांदणं दाखवतोय, आपण काय शहरातले आहोत भुलायला, असं मला वाटलं.

दुसऱ्या खेपेला मी धर्मेशभाईंना विचारलं की एवढं चांगलं घर विकता का. ते म्हणाले, “गर्दी झेपत नाय, ताई. बायको कंटाळली.” मी अंगणात नजर टाकली. एक कोंबडी होती. बांधापलीकडच्या घराच्या दारात शेजारी, हिरू नावाचा साठीचा वारली माणूस, टोपली विणत बसला होता. त्याची बायको जानी भात पाखडत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. वापीत राहून लोकांना एका कोंबडीची गर्दी व्हायला लागते, असं मी आईला घरी जाऊन सांगितलं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आईचा मात्र या घराला विरोध होता. माझी आई नर्मदा, डहाणूच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकणारी बाई. “तिथे बोलायचं कुणाशी, चिकूशी?” ती म्हणायची. बाबा म्हणाला, “तू इथे राहा. मी जातो.” तेव्हा तिनेही आपली पातेली वेगळी काढायला घेतली. रात्ररात्र जागणाऱ्या नवऱ्याशेजारी सात वर्षं तीही जागीच होती, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

बोट विकली. २०१८ साली फाल्गुनातल्या एका अष्टमीला दस्त नोंदवला. दस्त मीच टाइप केला आणि त्यात एक कानामात्रा चुकली नाही. चैत्र वद्य अष्टमीला, म्हणजे अर्थात भांगाला, आई-बाबा राहायला गेले. पहिले चार दिवस आईचे फोन आले, त्यात तक्रार एकच, की तक्रार करावी असं काही घडतच नाही. बाबा झोपत होता, पण भांगाला तो डहाणूतही झोपायचाच. खरी परीक्षा पुढे होती. त्रयोदशीला मी मुद्दाम फोन केला.

“झोपला का?”

“नाय,” आई म्हणाली. “बसलाय ओटीवर.”

“कशाला? आवाज येतो का कसला?”

“आवाज कसला येतोय गो. मेलेलं बरं एवढं शांत हाय. पण हा कान देऊन बसलाय. मला बोलतो, ऐक, येतंय.”

समुद्र तिथून कित्येक मैल. नवी जागा आहे, रुळेल, असं मी आईला सांगितलं. अमावस्या सोमवारी येत होती. मी रजा टाकली आणि डबा घेऊन सकाळच्या एसटीत चढले.

ही एसटी एरवी इतकी रिकामी असते की कंडक्टर आपणहून गप्पा मारायला शेजारी येऊन बसतो. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसांच्या हातात नारळ, लिंबं, पिशवीतून डोकं काढणाऱ्या कोंबड्या. मला वाटलं कुठे लग्न असेल. शेजारच्या बाईच्या मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा होता. तिने मला विचारलं, “नंबर लावलाय का तुम्ही?”

“कसला नंबर?” मी जरा दयेनेच विचारलं.

तिनेही माझ्याकडे तेवढ्याच दयेने पाहिलं. आमच्या थांब्यावर सगळी बस उतरली. सगळी बस आमच्या वाटेला लागली. मी मनाशी म्हटलं, पुढच्या पाड्यावर जात असतील. मग सगळी बस आमच्या अंगणात शिरली.

अंगणात अकरा गाड्या होत्या. वाटेवरच्या वेगळ्या. चिकूखाली वापीचा एक टेम्पो उभा होता आणि चिकूच्या फांदीला कुणाचं तरी बाळ झोळीत निजलं होतं. तुळशीशेजारी एकाने स्टोव्ह मांडून भजी तळायला घेतली होती. ओटीवर चाळीसएक माणसं आपल्या आजोबांच्या घरी आल्यासारखी पाय पसरून बसली होती. पलीकडे हिरूच्या दारात ढोल आणि थाळी वाजत होती, आणि आमच्याच वळचणीला टांगलेल्या भोंग्यातून एक माणूस मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत ओरडत होता, “एकशे सात नंबर! एक सौ सात!”

टोपली विणणारा आमचा गरीब शेजारी हिरू हा भगत होता, म्हणजे देवाचं, दुखण्याचं आणि बाधेचं पाहणारा माणूस. साधासुधा नाही, सिल्वासा ते नवसारीपर्यंत नाव असलेला. आणि तो फक्त दोन दिवस बघायचा, अमावस्येला आणि पौर्णिमेला. त्या गर्दीत पाठदुखी होती, पोर होत नाही म्हणून आलेली जोडपी होती, सासूने करणी केली म्हणणाऱ्या सुना आणि सुनेने केली म्हणणाऱ्या सासवा एकाच रांगेत होत्या. एक पोरगा कॅनडाचा व्हिसा अडकला म्हणून पासपोर्ट घेऊन आला होता. विज्ञानाने एवढी प्रगती केली, तिचे सगळे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माणसं आमच्या ओटीवर बसली होती.

बाबा पायरीवर उभा राहून ओरडत होता. समुद्रावर वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा त्याचा आवाज इथे अंगणात उतरेना. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. ओटीवरच्या एका म्हाताऱ्याने त्याला प्रेमाने बाजूला सरकून जागा दिली आणि विचारलं, “तुमचा कितवा?”

आई मात्र दारात पाय लांबवून बसली होती. आठवडाभर चिकूशी बोलून सुकलेली माझी आई टवटवीत झाली होती. मी पोचेपर्यंत तिला तीन घटस्फोट आणि एका गर्भाशयाची सगळी हकीकत पाठ झाली होती.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी तावातावाने बांध ओलांडून हिरूकडे गेले. तो दमून भिंतीला टेकला होता. समोर सुपात तांदळाचे दाणे आणि फोडलेले नारळ, पैशाचं नाव नाही. मी काही बोलायच्या आधी त्यानेच हात जोडले.

“ताय, शेठच्या आज्याच्या टायमापासून लोका त्या ओटीवर बसतात. दुसरी सावली नाय ना इथे. शेठनी सांगितला नाय का तुमाला? तुमाला नको तर मी लोकांना सांगतां.”

आणि त्याने खरंच सांगितलं. पुढच्या वेळेपासून शेजाऱ्यांच्या ओटीवर बसू नका, असं त्याने उरलेल्या सगळ्यांना बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ऊन होतं म्हणून ओटीवर जाऊन बसले. माझा राग ठेवायला जागा उरली नाही, मग मी तो धर्मेशभाईंच्या फोनवर काढला.

“ताई,” ते शांतपणे म्हणाले, “मी बोललो होतो नी? पूनमला येऊन बघा. दोन वेळा बोललो. तुम्ही लोक येत होते फक्त आठम-नवमीला. मी घरी बायकोला पण बोललो, हे लोक असं का करतात.”

फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर काढलं आणि आमच्या चार खेपांवर बोट ठेवलं. एकही उधाणाची नव्हती. तीस वर्षांचा सर्च काढणारी बाई मी, पण महिन्याचे तीस दिवस बघायचे राहिले होते. माणूस उधाणाला घर बघायला जातो, हे आमच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. उधाणाला माणूस बोटीवर असतो.

बाबा त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, “बोट पण गेली.” मला फार वाईट वाटलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

घर विकायचं ठरलं. वैशाखी पौर्णिमेला मी दोघांना डहाणूला माझ्या घरी घेऊन आले. तिथे बाबा माझ्या ओट्यावर समुद्राकडे पाठ करून उजाडेपर्यंत बसला. तिकडे गर्दी, इकडे पाणी, आणि वर उपकार म्हणून त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणजे एक पौर्णिमा आणि एक अमावस्या फुकटात जास्त. पंचांगवाल्यांचंही आमच्याशी काहीतरी वैर असावं.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. प्रितेश आणि विनिता नावाचं मुंबईचं जोडपं. दोघं कुठल्याशा कंपनीत लोकांना ताण कसा घालवावा ते शिकवायचे आणि त्या कामाचा त्यांना फार ताण आला होता. त्यांना ‘सायलेन्स’ हवा होता. मी त्यांना कोणत्या दिवशी घर दाखवलं? अष्टमीला. भांगाला. यावेळी अजाणतेपणी नाही, कॅलेंडर समोर ठेवून. चौदा वर्षांत एक दस्त वाकडा न गेलेली मी, पंख्याखाली बसून तारीख ठरवत होते आणि मला अजिबात लाज वाटत नव्हती. नंतर वाटली, पण तेव्हा नाही.

विनिताबाईंनी ओटीवर डोळे मिटून तीन वेळा श्वास घेतला. हिरू टोपली विणत होता. कोंबडी होती. सगळं जमून आलं होतं, आणि तेवढ्यात बाबाने तोंड उघडलं.

“साहेब, घ्यायच्या आधी पुनवेला येऊन बघा एकदा.”

मी बाबाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता. पण विनिताबाईंनी नवऱ्याचा हात धरला. “ऐकलंस? पौर्णिमेला! नदीवर! हे लोक किती कनेक्टेड आहेत ना निसर्गाशी.” प्रितेशनी जागेवर विसाराचा चेक लिहिला. खरं बोलून माणूस फसवता येतो हे मला तोवर एकाच बाजूने माहीत होतं.

साठेकरार टाइप झाला. बाबाची सही तेवढी बाकी होती. करार त्या आठवड्यातच त्यांना हवा होता, म्हणून मंगळवारी, अधिकातल्या पौर्णिमेला, मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घालून निघाले. बाबाला यावेळी डहाणूला यायचं नव्हतं. “इथे नाय तर तिथे, झोप नायच,” तो म्हणाला होता, “मग भाडं कशाला घालवा?” बसमध्ये एकीने मला नंबर विचारला. मी म्हटलं, “घरची आहे मी,” तर ती सरकून बसली आणि माझ्याकडे आदराने बघायला लागली.

अकराच्या सुमारास पोचले. फाटकात आई उभी होती. गळ्यात मासळीच्या पैशांची जुनी पिशवी, आणि त्या पिशवीत पुठ्ठ्याचे नंबर. भोंग्यावाल्या माणसाला तिने केव्हाच हाताखाली घेतलं होतं. “गाडी तिथे नाय, बांधाच्या त्या बाजूला!” ती एका इकोवाल्यावर खेकसली.

“बाबा कुठे आहे? सही पाहिजे.”

तिने हनुवटीने ओटी दाखवली.

ओटीवर चाळीस-पन्नास माणसं होती. त्यांच्या मधोमध चटईवर बाबा आडवा पडला होता. डोक्याखाली कुणाच्या तरी टॉवेलची गुंडाळी, तोंड उघडं. एक लहान पोर त्याच्या पोटरीला टेकून वेफर खात होतं. भोंगा बरोबर त्याच्या डोक्यावर होता. मी चपलांवरून, पायांवरून धावत गेले आणि त्याच्या नाकासमोर हात धरला.

बाबा घोरत होता.

“साडेसातला झोपलाय,” आई मागून येऊन म्हणाली. “तेरसपासूनचा जागा. रात्रभर बसून होता, पान हलत नव्हतं, आणि हा आपला, येतंय, येतंय. सकाळी ढोल वाजला, गाड्या आल्या, ती कोण नवसारीची बाई सुनेच्या नावाने रडायला लागली, आणि याने जांभई दिली. मी बघतच राहिले.” तिने पदराने त्याच्या तोंडावरची माशी हाकलली. “शांत असलं की तो ऐकत बसतो गो. इथे त्याला कोण ऐकूच देत नाय.”

मी तिथेच, दोन माणसांच्या मध्ये, फोल्डर छातीशी धरून उभी राहिले. पौर्णिमेच्या दिवशी माझा बाप झोपलेला मी सात वर्षांत पाहिला नव्हता. मी त्याच्यासाठी शांतता शोधत फिरले, सर्च काढून, सह्या घेऊन ती विकत घेतली, आणि त्या शांततेत त्याला एकट्याला बाळ्याच्या समुद्राशेजारी बसवलं. मला रडू आलं. चिडायलाही सुचलं नाही.

हिरू तेवढ्यात पाणी प्यायला बाहेर आला. त्याने बांधावरून पाहिलं. ओटीवर झोपलेला म्हातारा, आणि त्याच्या उशाशी कागद घेऊन रडणारी मुलगी. बिचाऱ्याला वाटलं, झालं, आपल्या लोकांनी माणसाला बेजार केलं. त्याने हात वर केला. ढोल थांबला. थाळी थांबली. भोंगेवाल्याने बटण दाबलं. “श्श, आजोबा झोपलेत,” कुणीतरी म्हणालं, ते दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं, इकोवाल्याने इंजिन बंद केलं. आजवर कुणाच्या बापाचं न ऐकलेली ती गर्दी एका क्षणात चिडीचूप झाली. खाली नदीत घोट्याएवढं पाणी उरलं होतं, ते दगडांवरून जाताना ऐकू यायला लागलं.

बाबाचं घोरणं तुटलं. कपाळावर आठी आली. डोळे मिटलेलेच होते, पण मान हळूहळू नदीच्या बाजूला वळली.

“थांबवलंत कशाला?” मी ओरडले. माझा आवाज बापावर गेलाय हे मला त्या दिवशी कळलं. “वाजवा! अहो, गप्प काय बसलात सगळे? वापी-नवसारीहून आलात ते गप्प बसायला? बोला! दोनशे तेरा कोण आहे? दोनशे तेरा!”

सगळे माझ्याकडे बघत राहिले. ही बाई बाधलेली दिसतेय, हिचा नंबर आधी घ्या, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

“हळू नको!” मी म्हटलं. “मोठ्याने बोला!”

मागून एका माणसाने भीत भीत हात वर केला. “दोनशे तेरा इथे.” लगेच दुसरीने तिथूनच हरकत घेतली की दोनशे तेरा तिचा आहे, हा आत्ता आलाय. त्याने तिची अक्कल काढली. तिने त्याच्या गावाची काढली. दोन्हीकडून माणसं उभी राहिली, पोर वेफर टाकून रडायला लागलं, आई पिशवी सावरत भांडणात घुसली आणि हिरूने माझ्याकडे एकवार बघून ढोलवाल्याला मानेने खूण केली.

बाबाने कूस बदलली, भोंग्याकडे तोंड केलं आणि परत घोरायला लागला. मी फोल्डर खाली ठेवला आणि त्याच्या पायाशी जेवढी जागा होती तेवढ्यात बसले.